दाढेचं इंजेक्शन दुखतं कशामुळे, आणि ते सुसह्य कसं करून घ्यायचं

प्रश्न सोलापूरच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून आलाय. मुलगा लिहितो: "आईचं वय ५८, सगळा जन्म विड्या वळण्यात गेला. खालची उजवी दाढ किडलीय, रात्र-रात्र ठणकते. मागे दुसरी एक दाढ काढायला नेलं होतं, तेव्हा इंजेक्शन दिल्याबरोबर छातीत धडधडायला लागलं, हात थरथरले आणि थोड्या वेळाने डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती खुर्चीतच कलली. 'यांना भूल सोसत नाही' असं तिथे सांगितलं. तेव्हापासून ती दवाखान्याचं नाव काढू देत नाही. इंजेक्शन न घेता दाढ निघेल का? निदान न दुखणारं इंजेक्शन मिळेल का? बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलाचीही एक दाढ भरायचीय, आजीचं ऐकून आता तोही तयार नाही."

इंजेक्शन न घेता ती दाढ काढायच्या फंदात पडू नका. हलणारा दुधाचा दात नुसतं जेल लावून निघतो, हाडात घट्ट बसलेली खालची दाढ तशी निघत नाही. आणि दात-ओठ आवळून काढलीच, तर आई पुन्हा कुठल्याच दवाखान्याची पायरी चढणार नाही. दुखणं आणि भीती या दोन्हींवर मात्र पुष्कळ काही करता येतं. त्यातलं निम्मं डॉक्टरांच्या हातात असतं आणि निम्मं तुम्ही त्यांना काय सांगता, काय मागता यावर.

"भूल सोसत नाही" हे वाक्य मी सोलापुरात फार ऐकतो. फाइलवर एकदा 'ॲलर्जी' असं लिहिलं गेलं की ते माणसाला जन्मभर चिकटतं. आईंना जे झालं त्यात मला तरी दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात, आणि दोन्ही ॲलर्जी वाटत नाहीत.

पहिली धडधड. दातांसाठी आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं औषध म्हणजे दोन टक्के लिग्नोकेन. त्यात ॲड्रेनलीन मिसळलेलं असतं, बहुधा ८०,००० भागांत एक भाग, काही कुप्यांत दोन लाखांत एक. ॲड्रेनलीन रक्तवाहिन्या आवळून धरतं, त्यामुळे भूल जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी जातं. पण औषध घाईने ढकललं, किंवा सुईचं टोक नेमकं एखाद्या शिरेत शिरलेलं असलं, तर ते एकदम रक्तात जातं. मग छाती धडधडते, हात कापतात, काही मिनिटांत सगळं ओसरतं. घाबरलेल्या माणसाचं शरीर आपलं स्वतःचं ॲड्रेनलीन सोडत असतं ते आणखी वेगळं. म्हणून औषध सोडण्याआधी सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येतंय का ते बघायचं असतं. दोन सेकंदांचं काम आहे. जो डॉक्टर ते न चुकता करतो तो पुढचंही नीट करतो, असं माझं मत आहे.

दुसरी अंधारी. भीतीने काही जणांची नाडी एकदम मंदावते, रक्तदाब खाली येतो, मेंदूला रक्त कमी पडतं. आधी चेहरा पांढराफटक होतो, कपाळावर गार घाम येतो, मळमळतं, मग माणूस कलतो. दातांच्या खुर्चीत सर्वात जास्त वेळा घडणारी आणीबाणी हीच. तिचा औषधाशी संबंध नसतो, काहींना नुसती सुई दिसली तरी हे होतं. अशा वेळी खुर्ची आडवी करून पाय वर उचलायचे, की एक-दोन मिनिटांत रंग परत येतो. सोबतचे नातेवाईक मात्र धावून येतात, उठवून बसवतात आणि पाणी पाजायला बघतात. तेवढं करू नका.

खरी ॲलर्जी म्हणजे अंगावर गांधी उठणं, खाज, ओठ किंवा डोळे सुजणं, श्वासाला घरघर लागणं. लिग्नोकेनची अशी ॲलर्जी फार दुर्मीळ आहे. ॲड्रेनलीन टिकून राहावं म्हणून कुपीत सल्फाइट घालतात, त्याचा त्रास काही दमेकऱ्यांना होऊ शकतो. यातलं काही आईंना झालं असेल तर आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जा. झालं नसेल तर सरसकट हातावर टेस्ट डोस टोचून फारसं काही कळत नाही, एक जादा सुई मात्र होते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तरी ॲड्रेनलीन बहुतेकांना पूर्ण वर्ज्य नसतं. हृदयरोग्यांमध्ये एका वेळी ०.०४ मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात, म्हणजे ८०,०००वाल्या औषधाचे साधारण तीन मिली. एका खालच्या दाढेचं काम बहुधा त्यात उरकतं. उलट ॲड्रेनलीनच्या भीतीने कच्ची भूल दिली आणि दाढ काढताना दुखलं, तर शरीर स्वतःचं जे ॲड्रेनलीन सोडेल ते जास्त जड जाईल.

आता सुईकडे. पेशंट बहुधा एकच मागणी करतात: "डॉक्टर, बारीक सुई वापरा ओ." मागणी रास्त आहे, पण तिचा फायदा लोकांना वाटतो तेवढा नाही. सुईचा नंबर, म्हणजे गेज, जितका मोठा तितकी सुई बारीक. साध्या डिस्पोजेबल सिरिंजसोबत बहुधा २३ किंवा २४ गेजची येते, दातांसाठीच्या खास सुया २७ आणि ३० गेजच्या असतात, इन्सुलिनची ३१ची. अभ्यासांत २५, २७ आणि ३० गेजच्या सुया आलटून पालटून टोचल्या तेव्हा कुठली सुई कुठली हे लोकांना फारसं ओळखता आलं नाही. खालच्या जबड्याच्या मागच्या नसेसाठी तर फार बारीक सुई मी टाळतो. ती आत वाकते, भलतीकडे जाते, तिच्यातून रक्त मागे येतंय का हेही नीट कळत नाही.

जाडीपेक्षा टोकाची धार जास्त महत्त्वाची. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मोठ्या कुपीतून सिरिंजमध्ये औषध ओढतात. कुपीच्या रबरी बुचातून सुई आरपार गेली की तिचं टोक थोडं तरी बोथट होतं. तीच सुई तोंडात टोचली तर हिरडी फाटत आत जाते. औषध एका सुईने ओढावं आणि टोचायला नवी लावावी. दोन-तीनदा टोचावं लागलं, किंवा टोक हाडाला लागलं, तर पुन्हा बदलावी. काही रुपयांचा प्रश्न आहे. "औषध भरल्यावर सुई बदलता का?" असं तुम्ही विचारलंत तर चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही.

आणि तरीही टोचणं हा दुखण्याचा लहान भाग. मोठा भाग औषध आत शिरताना होतो. हिरडीखालच्या जागेत द्रव मावायला तिथले पेशीजाल ताणले जावे लागतात. जोरात ढकललं तर ते फाटल्यासारखे होतात, आणि पेशंटला जी "आग" वाटते ती बरीचशी हीच. एक मिली औषधाला साधारण एक मिनिट, हा पाळायचा वेग आहे. हॉलमध्ये माणसं ताटकळत असताना, फोन वाजत असताना एक मिनिट फार मोठं वाटतं, हे मी नाकारत नाही. पण दवाखान्यात बदलता येणाऱ्या गोष्टींपैकी एकच बदला म्हटलं, तर मी यंत्र, जेल, सुई सगळं सोडून हाच वेग निवडेन. पहिले दोन थेंब सोडायचे, दहा-पंधरा सेकंद थांबायचं, तेवढी जागा बधिर होऊ द्यायची, मग मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे जायचं. सुई कायम आधीच बधिर झालेल्या जागेतून पुढे सरकली पाहिजे.

आगीचं आणखी एक कारण औषधातच आहे. ॲड्रेनलीन टिकावं म्हणून हे द्रावण मुद्दाम आम्लधर्मी ठेवतात. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. शरीराचा पीएच ७.४ असतो, ॲड्रेनलीन घातलेल्या लिग्नोकेनचा साडेतीन-चारच्या आसपास. त्यामुळे जखमेवर लिंबू पिळल्यासारखी चरचर होते. त्यात थोडं सोडिअम बायकार्बोनेट ऐन वेळी मिसळलं तर आम्लता कमी होते. कातडीवर टोचताना याचा फायदा चांगला दिसतो, तोंडात तितका ठळक नाही. एखाद्या फार हळव्या पेशंटसाठी करावं, नाही केलं तरी हळू टोचून बरंचसं भागतं.

सोलापूरच्या उन्हाळ्याचाही इथे संबंध येतो. पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी वीज जाते, आणि उष्णता-उजेडाने ॲड्रेनलीन खराब होतं, म्हणून कुप्या फ्रीजमध्ये ठेवतात. ठेवणं बरोबर, पण फ्रीजमधून काढून थेट टोचलेलं गार औषध जास्त झोंबतं. खोलीच्या तापमानाला येऊ दिलं की पुरे, मुद्दाम तापवायची गरज नाही.

टोचण्याआधी लावतात त्या जेलबद्दल किंवा स्प्रेबद्दल लोकांची मतं दोन टोकांची. काही म्हणतात जादू, काही म्हणतात नाटक. ते वरच्या दोन-तीन मिलिमीटरपर्यंत काम करतं, आणि तेही हिरडी कापसाने कोरडी केली, जेल थोडंच लावलं आणि एक-दोन मिनिटं थांबलं तर. थुंकीवर स्प्रे मारून लगेच सुई घातली तर जीभ आणि घसा बधिर होतात, हिरडी नाही. घसा बधिर झाला की गिळता येत नाही असं वाटून माणूस आणखी घाबरतो.

वरच्या दाढेचं काम असेल तर टाळूला टोचावं लागतं, आणि सगळ्या तोंडात दुखरी जागा तीच. टाळूची कातडी हाडाला चिकटलेली असते, औषधाला मावायला जागाच नसते. तिथे मी असं करतो: आधी गालाच्या बाजूने हळू औषध देऊन ती बाजू बधिर होऊ देतो. मग दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकातून, म्हणजे आता बधिर झालेल्या जागेतून, थोडं थोडं औषध टाळूच्या दिशेने सोडतो, तिथली कातडी पांढरी पडताना दिसते. मग तोंडात बघायच्या आरशाची मूठ उलटी धरून टाळूवर त्या जागेशेजारी घट्ट दाबतो, चांगलं अर्धं मिनिट. दाब तसाच ठेवून, पांढऱ्या झालेल्या भागात सुईचं टोक जेमतेम घालून दोन-चार थेंब सोडायचे. अर्धा मिली लागत नाही, पाव मिली बस होतं. पेशंटला दाब कळतो, टोचणं बुजून जातं. गालाच्या बाजूला टोचताना गाल किंवा ओठ चिमटीत धरून हलवतात त्यामागेही हेच आहे. स्पर्श आणि दाबाचे संदेश वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, हे वेदनेवर संशोधन करणाऱ्या मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं. आपटलेलं गुडघ्याचं हाड आपण चोळतो ते उगीच नाही.

आईंची दाढ खालची आहे, तिची गोष्ट वेगळी. खालच्या जबड्याचं हाड मागे इतकं दाट असतं की दाढेशेजारी टोचलेलं लिग्नोकेन आत पुरतं झिरपत नाही. म्हणून नस हाडात शिरते तिथे, तोंडाच्या पार मागे, औषध सोडतात. सुई आत बरीच जाते, पण आतला भाग मऊ असल्याने हळू दिलेलं हे इंजेक्शन टाळूच्या इंजेक्शनपेक्षा कमी दुखतं. कधी मध्येच जिभेत किंवा ओठात करंट बसल्यासारखं होतं. सुईचं टोक नसेला चाटून गेलं की तसं होतं. हात वर करा, डॉक्टर किंचित मागे घेतील. तसं झालं तर भूलही बहुधा छान चढते.

यानंतर थांबणं. तीन ते पाच मिनिटं तर हवीतच, कधी दहासुद्धा. अर्धा ओठ जाड, सुजल्यासारखा वाटला की नस बधिर झाली असं आपण धरतो. पण ओठ बधिर आणि दाढ जागी, असंही पुष्कळदा होतं. म्हणून सुरू करण्याआधी त्या दाढेला गार लावून बघावं आणि भोवतीची हिरडी टोचून बघावी. जाणवलं तर आणखी औषध. दातालगतच्या फटीत थोडं, किंवा गालाच्या बाजूने आर्टिकेन. ते चार टक्क्यांचं औषध आहे आणि हाडात जास्त चांगलं झिरपतं. पेशंट इथे संकोच करतात, "जाऊ दे डॉक्टर, सोसते मी" म्हणतात. सोसू नका. दुसऱ्या इंजेक्शनला घाबरून अर्ध्या भुलीत दाढ काढली, तर लक्षात राहते ती दाढ काढतानाची कळ.

भूल न चढण्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे दुखणं अंगावर काढणं. आतली नस सुजून ठणकायला लागलेली दाढ सगळ्यात हट्टी. तिथली जागा आम्लधर्मी होते, औषधाचा जो भाग नसेच्या आवरणातून आत शिरायचा तो कमी पडतो, शिवाय सुजलेली नस आधीच चिडलेली असते. अशा दाढेसाठी तासभर आधी आयब्युप्रोफेन घेतल्यास खालच्या जबड्याची भूल जास्त खात्रीने चढते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर, दमा, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही असेल तर आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नका. अँटिबायोटिकने ठणका थांबत नाही. गालावर सूज, ताप, पू असेल तेव्हा तिचं काम.

आणि घरगुती उपायांत एक फार नडतो: दुखणाऱ्या दाढेशेजारी ॲस्पिरिनची गोळी किंवा तंबाखू धरून ठेवणं. गोळीने हिरडी भाजून पांढरी होते, आणि नेमकी तिथेच आम्हाला सुई टोचायची असते. लवंगेचं तेलही कापसावर एखादा थेंब, दाताच्या खड्ड्यात. हिरडीवर चोळायचं नाही. मिश्री लावून लावून हुळहुळ्या झालेल्या हिरड्या तर आमच्याकडे रोजच्याच.

मावा-गुटख्याबद्दल थोडं, कारण घरात कोणी ना कोणी खाणारं असतंच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे मला पेशंटच सांगतात. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ, पांढुरकी होते, तोंड कमी-कमी उघडायला लागतं. आपलीच तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर दाखवून घ्या. अशा गालात सुई टोचणं म्हणजे पेशंटला दुप्पट दुखणं आणि आम्हाला खुणाच न सापडणं. तोंड मिटलेलं असताना वरच्या दातांच्या बाजूने सुई नेऊन तीच नस गाठायची एक पद्धत आहे, वझिरानी आणि अकिनोसी यांच्या नावाने ओळखली जाते. ती येणारा डॉक्टर अशा वेळी मुद्दाम शोधावा.

आता भीती. "अजिबात दुखणार नाही" असं मी म्हणत नाही. खोटं ठरलं की पुढचं काहीच पेशंट मानत नाहीत. "आधी गार वाटेल, मग दाब, दहा सेकंद थोडं झोंबेल" असं म्हणतो, आणि खरोखर तसंच होईल याची काळजी घेतो. आमची सहायक तेलुगू बोलते. साखर पेठेतल्या, अशोक चौकातल्या तेलुगू घरांतून आलेल्या आज्या मराठी समजतात, पण भीती वाटली की आपल्या भाषेत वाटते. तिने "अक्का" म्हणून हात धरला की खांदे खाली येतात. तुमच्या आई कुठल्या भाषेत जास्त मोकळ्या असतील ते आधीच सांगून ठेवा.

सुई पेशंटच्या डोळ्यांपुढून न्यायची नाही, डोक्यामागून हातात घ्यायची, हा सर्वसाधारण नियम. पण काहींना न दिसणाऱ्या गोष्टीची जास्त धास्ती वाटते. टॉवेलच्या कारखान्यातले एक जॉबर आले होते, यंत्रमाग दुरुस्त करण्यात हात पिकलेला माणूस. डोळे मिटायला तयार नव्हते. सुई दाखवा म्हणाले. दाखवली. किती आत जाणार? बोटाने मोजून दाखवलं. औषध कुठून बाहेर येतं, टोक तिरकं का कापलेलं असतं, सगळं विचारून झालं. मग अट घातली: मी बोट उचललं की तुम्ही थांबायचं. दोनदा बोट उचललं, दोनदा थांबलो. मला वाटतं दुसऱ्या वेळी दुखत नव्हतं, मी खरंच थांबतो का ते ते बघत होते. ही थांबवायची खूण मी आता सगळ्यांशी ठरवून घेतो. तुम्हीही मागून घ्या. माणसाला लगाम आपल्या हातात आहे असं वाटलं की तेवढंच इंजेक्शन कमी दुखतं.

नुसतं घाबरणाऱ्यांना सावकाश श्वास सोडणं, डावा पाय खुर्चीवरून वीतभर उचलून धरणं, असल्या साध्या गोष्टी उपयोगी पडतात. पाय तोलून धरायचा म्हटलं की लक्ष तिकडे जातं. पण आईंसारखं ज्यांना घेरी येते त्यांना "अंग सैल सोडा" सांगणं उलटं पडू शकतं, कारण रक्तदाब आधीच खाली येत असतो. त्यांच्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८७ मध्ये मांडलेली रीत आहे: हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत, मग वीस-तीस सेकंद सोडायचे, असं पाच वेळा. आठवडाभर घरी रोज सराव करायला लावा, विड्या वळायला बसल्या-बसल्याही जमेल. रक्तदाब खूप वाढलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि इंजेक्शन आडवं झोपवूनच द्यायला सांगा.

थरथरणारी यंत्रं, संगणकाने वेग राखणाऱ्या सिरिंजा आल्या आहेत. चांगल्या आहेत, महाग आहेत, आणि त्या मुख्यतः तेच करतात जे संथ हात करतो. हे सगळं करूनही माणूस खुर्चीत बसूच शकत नसेल, तर नायट्रस ऑक्साइड वायू हुंगवून सैलावणं, आधी झोपाळू गोळी देणं, किंवा भूलतज्ज्ञ बोलावून शिरेतून औषध देणं हे मार्ग आहेत. त्यांना लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते करणारा माणूस शिकलेला हवा, आणि तिथे ऑक्सिजन हवा.

भाच्यासाठी: त्याच्यासमोर आजीची गोष्ट आजपासून बंद. "गप्प बस नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" हेही बंद. उलट "काही करणार नाहीत" असंही सांगू नका, करणार आहेत. "दाताला झोपवतील, मग किडा काढतील" एवढं पुरे. मुलांच्या डॉक्टरकडे सांगायचं, दाखवायचं, मग करायचं, अशी पद्धत असते. आधी आरसा आणि पाण्याची फवारणी बोटावर दाखवतात. पहिल्या भेटीत नुसतं खुर्चीत वर-खाली बसून येऊ द्या. दाढ भरून झाल्यावर दोन-तीन तास त्याच्यावर डोळा ठेवा. बधिर ओठ मुलं गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी तो सुजून रक्ताळतो. घरात दोन वर्षांखालचं बाळ असेल तर त्याला दात येताना बेन्झोकेनचं जेल लावू नका, त्याने रक्तातल्या ऑक्सिजनवर परिणाम होऊ शकतो.

आईंना सकाळची पहिली वेळ घ्या. उपाशी नेऊ नका, ही चूक बहुतेक जण करतात, कारण ऑपरेशनआधी पोट रिकामं ठेवतात हे ऐकलेलं असतं. ते पूर्ण भुलीला, किंवा झोपेचं औषध द्यायचं ठरलं असेल तर. नुसत्या दाढेच्या इंजेक्शनला तास-दीड तास आधी उपीट, भाकरी, जे नेहमीचं असेल ते खाऊन यावं. श्रावणी सोमवार, एकादशी असले उपासाचे दिवस टाळा. रक्तदाबाची, साखरेची गोळी नेहमीप्रमाणे घेऊ द्या, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. जुनी फाइल सोबत न्या. "मागच्या वेळी धडधडलं आणि घेरी आली, अंगावर गांधी उठल्या नव्हत्या, दम लागला नव्हता" हे वाक्य, ते खरं असेल तर, डॉक्टरांना असंच सांगा. काम झाल्यावर कुठलं औषध, किती मिली, आणि काय झालं हे लिहून मागा. सोबत एकच माणूस आत.

दाढ निघाल्यावर बधिरपणा तीन-चार तास राहतो. तोवर गरम चहा नाही, ओठ भाजलेला कळत नाही. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आठवडाभर बाजूला ठेवा, दाण्याचा कूट जखमेच्या खड्ड्यात जाऊन बसतो. जखम भरेपर्यंत मिश्री नाही. टोचलेल्या बाजूला दोन-तीन दिवस तोंड उघडताना जबडा धरल्यासारखा वाटेल. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा आणि गालावर गरम कापडाचा शेक चालेल. आठवड्यानंतरही तोंड पुरेसं उघडत नसेल, ओठ बधिरच राहिला असेल, किंवा मधेच केव्हाही सूज वाढत जाऊन ताप आला, तर वाट न बघता त्याच डॉक्टरांना दाखवा.